बेचाळीस झाडांचे मास्तर

चार भिंतींचा माझ्या साडूंना जेवढा तिटकारा होता, तेवढा जन्मठेपेच्या कैद्यालाही नसेल. त्यात नशीब असं, की त्यांना नोकरी मिळाली ती मास्तरची. डोंगरकड्याजवळच्या एका खेड्यात ते विज्ञान शिकवत. म्हणजे हजेरी वर्गात घेत आणि उरलेला दिवस पोरांना घेऊन ओढ्याकाठाने हिंडत. शोधायला गेलं तर गुरुजी हमखास जमिनीला नाक लावून पालथे पडलेले सापडत, आणि भोवती पोरंही तशीच पालथी. सासुरवाडीला एकदा दिवाळीच्या पंगतीत मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहायला हा गृहस्थ भरल्या पानावरून उठला, तो घरातली सगळी बच्चेकंपनी मागे घेऊन परसात गेला. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "जावई म्हनून आनला अन् लेकरू निघालं," ते म्हणाले. मी तर साडूंपुढे केव्हाच हात टेकले होते.

गावकऱ्यांचीही तक्रार होती, आणि ती मला अगदी रास्त वाटे. गोदा नावाच्या मुलीचा बाप माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "गुर्जी, पोरगी साळंत घातली ती घडीभर सावलीत बसावी म्हनून. उनात हिंडायला आमी हाव की. तुमी काहून नेऊन राहिले तिला?" साडू शांतपणे म्हणाले, "तिचं झाड तिथं आहे ना!" गावापासून ओढ्यापर्यंतच्या सडकेवर लिंब, बाभळी, करंज अशी झाडं होती. बेचाळीस पोरांना त्यांनी एकेक झाड वाटून दिलं होतं. आपल्या झाडावर या आठवड्यात काय घडलं ते वहीत लिहायचं, हाच अभ्यास. तपासणीला आलेल्या साहेबांनी गोदाला विचारलं, "झाडाचे भाग किती?" ती म्हणाली, "कोनत्या झाडाचे, साहेब? माझ्याची एक फांदी वाऱ्यानं मोडली." साहेबांनी वाईट शेरा लिहिला. साडू तो शेरा बक्षीस मिळाल्यासारखा लोकांना दाखवत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. झाडं माना टाकू लागली. पोरं घरून भांडी विसळलेलं पाणी तांब्यातून आणून आपापल्या बुंध्याशी ओतू लागली, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या लिंबांवरून दोन पोरांची रोज मारामारी होऊ लागली. "साडूभाऊ, काही तरी सुचवा हो," ते मला म्हणाले. मी पडलो कचेरीतला कारकून. नंबर टाकल्याशिवाय मला कुठलीच वस्तू खरी वाटत नाही. म्हटलं, "खोडावर चुन्याने नंबर टाका. हजेरीचा नंबर तोच झाडाचा. मिटलं भांडण." त्यांना माझी युक्ती इतकी आवडली, की त्यांनी मला मिठीच मारली. पोरांनी आपल्या हाताने ठळक आकडे काढले. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

त्याच महिन्यात पंचायतीने सडकेच्या वाळलेल्या झाडांचा हर्रास केला. लिलावात विकलेल्या झाडांवरही चुन्याचेच नंबर टाकले होते. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, त्या दिवशी साडू पोरांना सिद्धेश्वरच्या धरणावर पक्षी दाखवायला घेऊन गेले होते. हौसेने मीही गेलो होतो. संध्याकाळी एसटीतून उतरलो तर गोदा म्हणाली, "गुर्जी, हे आपलं गाव न्हाई." सडक ओढ्यापर्यंत उघडीबोडकी झाली होती. वाळलेल्यांबरोबर पोरांची बेचाळीसही गेली होती. गाडीत लाकडं भरणारा माणूस म्हणाला, "नंबर हाय ते तोडा म्हनले, आमी तोडले. बराबर मोजून तोडले." त्याची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मी साडूंना तसं म्हणालो. ते म्हणाले, "नाही हो. पोरांनी आकडे छान काढले होते. लांबून वाचता येत होते."

नंबर खोडांबरोबर गाडीत गेले होते. तरी प्रत्येक पोर धावत जाऊन आपल्या बुंध्यापाशी बरोबर उभं राहिलं. लिंबवाले दोघेही न भांडता उभे राहिले. माझ्या युक्तीची कुणाला गरजच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महिन्याभराने मी त्यांच्या शाळेत गेलो. साडू वर्गात होते. हातात पुस्तक होतं आणि सगळी पोरं रांगेत बसून ऐकत होती. तिच्या बापाला हवी होती तशी गोदा सावलीत बसली होती. साडूंनी फळ्यावर खडूने एक झाड काढलं आणि पुस्तकात होतं तसं त्याच्याखाली लिहिलं, आकृती क्रमांक चार.

गोदा उठून उभी राहिली. "गुर्जी," ती म्हणाली, "त्याला नंबर नका टाकू."

साडू फळ्याकडे वळले. मग त्यांनी तळहाताने तो आकडा पुसला. मी आत न जाता दारातूनच परत फिरलो.