इवाई कुठं गेले?

मागच्या रविवारी एकोडीला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं, पण काकांना उन्हाची शुद्ध नव्हती... त्यांचा सगळा जीव नवरदेवाच्या वडिलांच्या जेवणात अडकलेला.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आणि लग्नात इवाई रुसला, तर ती गोष्ट नातवंडांच्या लग्नातही निघते.

म्हणून काकांनी वरपक्षाच्या खास पाहुण्यांसाठी वेगळा पंडाल टाकला. सोफे, कूलर, पनीर, मंचुरियन आणि कोरीवकाम केलेल्या फळांचं एक काउंटर... त्याचे सगळे फोटो काढत होते, खात कोणी नव्हतं. गावाची पंगत पलीकडे आंब्याखाली होती. पत्रावळीवर आलू-वांग्याची भाजी, वरण आणि घरच्या धानाचा भात.

काकूला हा पंडाल अजिबात मान्य नव्हता. पण 'लोक काय म्हणतील' हा खर्च आपल्याकडे कधीच जास्त वाटत नाही.

लग्न लागलं, जेवणं सुरू झाली आणि काका पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आले. इवाई सोफ्यावर नव्हते.

"रुसले काय रे? मानपानात काही कमी पडलं काय?"

मी गाड्या पाहून आलो, जानवसा पाहून आलो. काका माझ्यामागे, स्वतःच्या चुका आठवत... फेटा साधा वाटला असेल, चहा थंड गेला असेल. पोरीला पहिल्याच दिवशी टोमणे बसतील, हाच त्यांना घोर. मलाही आता भीती वाटायला लागली.

शेवटी काकूनंच बोट दाखवलं. आंब्याखाली, पंगतीच्या अगदी टोकाला, फेटा मांडीवर ठेवून इवाई बसले होते. आणि वाढप्याकडे अजून भात मागत होते.

काका समोर जाऊन उभे राहिले. इवाईंचा घास हातातच राहिला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

"माफ करा जी. मले खाली मांडी घातल्याबिगर जेवता नाही येत. तिकडं हातात प्लेट धरून नुसता फिरून राहिलो होतो."

"मंग सांगाचं ना जी! तो पंडाल तुमच्यासाठीच तर टाकला."

"मले वाटलं, तुमची हौस आहे. कायले मन मोडाचं..."

काका धोतर सावरून त्यांच्या शेजारी बसले आणि वाढप्याला हाक मारली. सकाळपासून त्यांच्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे तेव्हा कळलं आम्हाला.

थोड्या वेळानं सोफ्यावरचे पाहुणेही एकेक करून आंब्याखाली सरकले. पंडालात कूलर रिकाम्या सोफ्यांना हवा घालत राहिला... काकूनं काकांना भाजी जरा जास्त वाढली.

संध्याकाळी ताई सासरी निघाली. काका रडतील म्हणून मी मुद्दाम त्यांच्याजवळ उभा राहिलो. रडले ते, पण गाडी दिसेनाशी झाल्यावर डोळे पुसत म्हणाले,

"आपल्या घरी भात मागून घेते, असा माणूस आहे. माही पोरगी त्याच्या घरी मागाले लाजणार नाही."

बापाला याहून जास्त काय हवं असतं... बरं वाटलं खूप.