निविदा पेटी, साहेबांची सही आणि हिराबाईची बस

सरकारी कचेरीत जुन्या फायली ठरावीक वर्षांनी रद्दीत काढतात. किस्से मात्र कुणी रद्दीत काढत नाही. ते साठतच जातात. आमच्या कक्षात तर शेवटी फायलींपेक्षा किस्सेच जास्त झाले होते.

मी सोलापुरात एका कचेरीत शिपाई होतो. जिल्ह्यात रस्ता कुठून न्यायचा, बस कुठे सोडायची, थांबा कुठे बांधायचा, त्याचं टेंडर कुणाला द्यायचं, हे बघणारा तो कक्ष. माझं शिक्षण चौथी. आता रिटायर झालोय. संध्याकाळी कट्ट्यावर मित्र म्हणतात, "मामा, सांगा की एखादा." पण मी बोलतो सावकाश. माझा किस्सा निम्म्यावर येतो तोवर दुसराच कुणीतरी तो पुरा करतो, आणि तोही चुकीचा! म्हणून या वेळी लिहून काढतोय. आता मध्ये कुणाला बोलता येणार नाही.

*

पूर्वी टेंडरं बंद पाकिटात यायची. व्हरांड्यात एक लोखंडी पेटी होती, तिला वर फट. कंत्राटदारांनी पाकिटं त्या फटीतून टाकायची. ठरल्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर पेटी उघडणार. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम.

खंडेनवमीला आम्ही कचेरीतल्या सगळ्या वस्तूंची पूजा करायचो. टायपरायटर, कपाटं, साहेबांची जीप. त्या वर्षी मी पेटीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हार वाळला तरी माझ्यानं काढवेना.

आठ दिवसांनी पेटी उघडली. आत दोन पाकिटं, चार-पाच नाणी, एक सुपारी आणि "धाकट्याला नोकरी लागू दे" अशी चिठ्ठी! कामाला आलेली खेड्यातली माणसं जाता-येता पेटीला नमस्कार करत होती.

साहेब तापले. "शेख, हा काय प्रकार आहे?"

शेख भाऊसाहेब आमचे टेंडर क्लार्क. त्यांनी चष्मा पुसला, नाणी शांतपणे टेबलावर मांडली आणि म्हणाले, "साहेब, तिसरं टेंडर हाय. देवाचं. आन दर बी सगळ्यात कमी त्याचाच हाय!"

*

पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. साहेबांची सही म्हणजे बोटाएवढी एक काडी झाली. ती कॉम्प्युटरला खोचायची, पासवर्ड घालायचा, की सही झाली.

एकदा साहेब मेहुण्याच्या लग्नाला कुर्डुवाडीला गेले, आणि एका टेंडरची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. साहेबांचा फोन आला. "मामा, मिळेल ती गाडी पकडा आणि माझी सही घेऊन या!"

मी काडी कागदात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन बसलो. गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय वो डब्यात? लई जपताय."

मी म्हणालो, "साहेबांची सही."

तो उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

मांडवात साहेब फेटा बांधून तयारच होते. आचाऱ्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मी डब्यातून काडी काढून दिली. लॅपटॉपनं पासवर्ड विचारला. साहेबांना तो आठवेना. त्यांनी कचेरीत फोन लावला. "शेख, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागं पासवर्ड लिहिलाय. गेल्या महिन्याच्या. तेवढा वाचून दाखवा."

शेख भाऊसाहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "साहेब, ते पान न्हाय हितं. मामांनी सही कशात गुंडाळून आणलीय, ते बघा की जरा."

मी डबा पुन्हा उघडला. शेंगाचटणीचं तेल लागलं होतं, पण आकडे वाचता येत होते.

साहेबांनी तेलकट पान चिमटीत धरून आकडे घातले. मग म्हणाले, "मामा, खुर्ची तेवढी का ठेवून आलात?"

*

आमच्याकडे बोद्दुलशेठ नावाचे कंत्राटदार होते. घरी तेलुगू बोलणारे, कामाला चोख. कागदात जे असेल तेच करणार. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.

मोहोळच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बसथांबे बांधायचं काम त्यांना मिळालं. काम मुदतीत पुरं झालं. साहेब बघायला गेले, मी सोबत होतो. अलीकडचा थांबा झकास. पलीकडच्या थांब्याची मात्र रस्त्याकडे पाठ! बाकावर दोन माणसं ज्वारीच्या रानाकडे तोंड करून बसची वाट बघत होती.

"बोद्दुल, हे काय केलं?"

बोद्दुलशेठनी पिशवीतून नकाशा काढला. प्रत्येक नकाशावर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असतो. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "साहेब, बाण उत्तरेला. म्हणून तोंड उत्तरेला. दोन्हीचं. मी काय मनानं करतो का?"

थांबा पाडायचा तर नवीन टेंडर, आणि का पाडला म्हणून चौकशी वेगळी. मग साहेबांनी तोड काढली. मागच्या भिंतीला एक खिडकी पाडायची, म्हणजे माणसांना मागे वळून बस बघता येईल.

खिडकी झाली. महिन्याभरानं आम्ही पुन्हा तिथून गेलो. आत एकही प्रवासी नव्हता. पण खिडकीपुढे ही गर्दी! आत एकानं पानाचं दुकान थाटलं होतं.

शेख भाऊसाहेब ऐकून म्हणाले, "बघा, बोद्दुलशेठनं तोंड बरोबरच केलं हुतं. आपलं टेंडरच चुकीच्या धंद्याचं हुतं!"

*

आता हिराबाई. सांगोल्याच्या पलीकडे माळावर मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिथून दर सोमवारी हिराबाई आमच्या कचेरीत यायची. आधी तासभर पायी, मग वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप, मग बस. काम एकच. वस्तीला सकाळी एक बस पाहिजे.

तिची नात सुमन सातवी पास झाली होती. पुढची शाळा आठ किलोमीटरवर. पोरीचा बाप म्हणत होता, एवढ्या लांब एकटीला चालत धाडणार नाही. बस आली तर शाळा, नाही आली तर दिवाळीनंतर स्थळं बघायची.

"माझं लगीन केलं तवा मला चोळी बी नीट बांधता येत न्हवती, दादा," हिराबाई मला म्हणायची. "हिचं तसं हू द्यायचं न्हाय मला."

साहेब माणूस चांगला. त्यांनी सर्व्हेला माणूस पाठवला. तो दिवसभर वस्तीच्या फाट्यावर उभा राहिला आणि अहवाल घेऊन आला. "बसची वाट पाहणारे प्रवासी: शून्य."

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याकडे मागणीच नाही."

हिराबाईनं कपाळावर हात मारला. "आवं साहेब, बसच येत न्हाय, तर वाट कशाची बघायची? पावण्याची?"

"ते खरं. पण कागदावर मागणी दिसली पाहिजे."

हिराबाईनं मान हलवली. उठता उठता मला हळूच विचारलं, "दादा, तुमचा मानूस परत कवा येनार हाय?"

*

दुसऱ्या सर्व्हेला सर्व्हेवाला पोचला, तर अख्खी वस्ती फाट्यावर रांगेत उभी! म्हातारी, तरणी, कडेवरची. मेंढरं घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तीही सोबत.

तेवढ्यात तिकडे चुकूनमाकूनच फिरकणारी वडापची जीप आली. एवढी माणसं बघून ड्रायव्हर हरखला. करकचून ब्रेक लावला आणि ओरडला, "चला, चला! सांगोला, सांगोला!"

कुणी हललं नाही. ड्रायव्हरनं सगळ्यांची तोंडं बघितली, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

सर्व्हेवाल्याकडे फॉर्म होता. त्यानं पहिल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, कुठं जायचंय?"

"कुटंबी न्हाय."

"मग उभे का?"

"बशीची वाट बघतोय की! हिराक्कानं सांगितलंय, दुपारपातूर बघायची."

सर्व्हेवाला प्रामाणिक होता. त्यानं सगळं लिहिलं. फॉर्मात शेवटचा रकाना होता, प्रवाशांसोबतचं सामान. त्यात त्यानं लिहिलं, "मेंढरे, अंदाजे तीनशे."

साहेबांनी अहवाल वाचला आणि शेरा मारला, "मालवाहतुकीसही चांगला वाव दिसतो."

बस मंजूर झाली!

*

मंजूर झाली, पण चाचणीवर. पहिल्याच दिवशी मोजणी करायची, आकडा वीसच्या आत आला तर गाडी बंद. सर्व्हेवाला नेमका रजेवर. साहेबांनी मला पाठवलं. हातात कागद दिला. त्यावर दोनच रकाने, चढले आणि उतरले. "मामा, खरं तेच लिहायचं. एक कमी नको, एक जास्त नको."

सकाळी बस फाट्यावर आली. हिराबाईनं ओवाळलं, नारळ फोडला. ड्रायव्हरला गंध लावलं, कंडक्टरला लावलं, मलाही लावलं. मग सगळी वस्ती बसमध्ये चढली. मी एकेक रेघ ओढत होतो. कुणी सीटवर दाबून बघितलं, कुणी खिडकी सरकवून बघितली. एका म्हाताऱ्यानं घंटीची दोरी ओढली, तर बस हलली आणि बायका किंचाळल्या! ड्रायव्हरनं लगेच ब्रेक लावला.

माझा जीव भांड्यात पडला. वीस कधीच ओलांडले होते.

तेवढ्यात हिराबाई पायरीवर उभी राहिली आणि ओरडली, "बघितली न्हवं बस? उतरा आता समदी! पोरीच्या शाळंची येळ झाली."

मी धावलो. "आक्का, आज मोजणी हाय! निदान वीस माणसं तरी जाऊ द्या."

"आन मेंढरं कोन राखनार, दादा? तुमचं साहेब?"

माणसं उतरली. मी रेघा ओढत राहिलो. खरं तेच लिहायचं होतं. बसमध्ये एकटी सुमन राहिली, खिडकीजवळ. वेण्यांना लाल रिबिनी. तिच्या बापानं खालून दप्तर आत दिलं, आणि कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे बघत डोळे पुसले. बस गेली. हिराबाई धूळ बसेपर्यंत तिथंच उभी होती. "उद्या येती न्हवं, दादा?" तिनं विचारलं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर कागद खिशात जड वाटत होता. कचेरीत आलो, साहेबांपुढे ठेवला आणि जमिनीकडे बघत उभा राहिलो.

चढले, त्रेचाळीस. उतरले, बेचाळीस.

साहेबांनी चष्मा लावला. पेन उघडलं. दोन्ही आकड्यांखाली एक रेघ मारली आणि बेरीज केली.

"पंच्याऐंशी!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "शेख, अहो इकडे या! माळावरचा एक थांबा आणि पंच्याऐंशी! ह्यांना एक गाडी कशी पुरेल?"