आधी ऐका, मग अंगठा

जिंतूरपासून दोन कोसांवर माझी चार एकर काळी जमीन आहे. ती मला आईवडिलांकडून आली असं सातबारा सांगतो. सातबाऱ्याला काय कळतंय! ती आली दिनकररावांच्या घशातून. त्या माणसाचा आवाज बसका असता तर आज मी कुणाच्या तरी बांधावर खुरपं घेऊन बसलेली असते.

दिनकरराव जिंतूरच्या तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहायचे. निजामाचं राज्य होतं आणि कारभार सगळा उर्दूत. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं मराठीत, अर्ज उर्दूत, आणि दोन्हींच्या मधे दिनकरराव. अंगात विटलेली शेरवानी, डोक्यावर काळी टोपी, पुढ्यात उतरती पेटी, बोरू आणि दोन दौती, एक लिहायची आणि एक अंगठ्याची. असे चार-पाच जण चिंचेखाली ओळीनं बसत. बाकीच्यांचं काम अर्ज लिहून अंगठा घेतला की संपायचं. दिनकररावांचं तिथून पुढं सुरू व्हायचं. ते कागद उचलायचे आणि त्यातला शब्दन् शब्द मराठीत वाचायचे. तोंडातल्या तोंडात नव्हे, तर लग्नात मंगलाष्टकं म्हणावीत तसं खणखणीत. मग अंगठ्याच्या दौतीवर पंजा ठेवून समोरच्याला म्हणायचे, "आता तू सांग, काय लिवलंय?" त्यानं आपल्या तोंडानं सगळं सांगितल्याशिवाय दौतीचं झाकण निघत नसे.

लोक वैतागायचे. "दिनकरराव, बैलं उन्हात उभी हायेत, लावू द्या की अंगठा!"

"आधी ऐका, मग अंगठा."

या हट्टापायी गिऱ्हाइकं शेजारच्याकडं जायची, आणि शेजारचा गालात हसायचा.

हे शहाणपण ते आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. ते स्वतःच सांगायचे, की तरुणपणी माझ्याइतका दीडशहाणा अख्ख्या आवारात नव्हता. मौलवीसाहेबांकडं उर्दू शिकले, शेरवानी चढवली आणि चारठाणा गावातलं आपलं घर विसरले. आवारात मराठी शब्द उच्चारायचा नाही, असा नेम केला. मराठी बोलला की माणूस अडाणी दिसतो, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटायचं. एके दिवशी त्यांचे वडील भाकरी बांधून घेऊन आले. धोतर गुडघ्यावर, पाय धुळीनं भरलेले. आवारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "दिनू, जेवलास का रं?" चारचौघांत यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांनी मान वर न करता उर्दूत सांगितलं, की इथं गडबड करू नका, बाहेर थांबा. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं घाबरून हात जोडले आणि आपल्या पोटच्या पोराला म्हणाला, "जी. जी, साहेब."

दिनकरराव म्हणायचे, त्या दिवशी ती भाकरी मी खाल्ली, पण आजवर पचली नाही.

कारण तो 'जी' त्यांनी रोज ऐकलेला होता. कचेरीची पायरी चढली की आपल्या माणसाचा आवाज पडायचा. येईल तशी मोडकीतोडकी उर्दू फेकायची, आणि तीही येत नसेल तर 'जी' म्हणायचं. समजलं का? जी. कबूल आहे का? जी. 'जी' म्हटलं की साहेब रागावत नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं. त्या एका 'जी'पायी किती जणांची शेतं गेली, कितीजण न केलेल्या गुन्ह्याला कबूल झाले, याची कुणी मोजदाद ठेवली नाही. वडिलांचे जोडलेले हात पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून दिनकरराव मोठ्यानं वाचायला लागले.

साल असेल एकोणीसशे सदतीस. कचेरीत नवा पेशकार आला होता. साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून म्हणजे पेशकार, पण रुबाब साहेबाहून जास्त. बरं, हा काही परक्या मुलखातला नव्हता. आपल्याच भागातला, घरी बायकोशी मराठीत भांडणारा. पण कचेरीत मराठी कानावर पडली की हा नाकाला रुमाल लावायचा. घरचं भांडण वाड्यावर ऐकू गेल्यासारखी त्याला लाज वाटायची. त्यानं दिनकररावांना बजावलं, "ये कचेरी है, बाजार नहीं. ये गावठी जबान फिर सुनाई दी, तो चटई फाटक के बाहर जाएगी."

त्याच आठवड्यात माझी आई कडूबाई कचेरीत आली. माझे वडील पटकीनं गेले होते आणि मी आईच्या मांडीवर सहा महिन्यांची होते. म्हणजे मला काही आठवत नाही, पण आईनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे, की मला त्या चिंचेची सावलीसुद्धा आठवते. भावांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या. वडिलांच्या वाट्याची जमीन आता आईच्या नावावर लागायची होती. माझा काका भुजंग मोठ्या मायेनं म्हणाला, "वैनी, तुमी कशाला काळजी करताव? मी कचेरीत नेतो. तुमच्या नावाचा अर्ज देऊन टाकू. तुमी फकस्त अंगठा लावा."

भुजंगकाकानं ठरवून ठेवलेला अर्ज लिहिणारा त्या दिवशी तापानं पडला होता. बाकीच्यांपुढं गर्दी होती, म्हणून त्यानं आईला दिनकररावांपुढं बसवलं. देवाची करणी म्हणायची ती हीच. काका पूर्वी पोलिसात शिपाई होता, त्याला उर्दू येत होती. तो उर्दूत सांगत गेला आणि दिनकरराव खाली मान घालून लिहीत गेले. आई खुशीत होती. मधेच तिनं आपलं नाव ऐकलं, माझ्या वडिलांचं नाव ऐकलं आणि पदर सावरून बसली.

लिहून झालं. काका आईचा हात धरून दौतीकडं न्यायला लागला. दिनकररावांनी झाकणावर पंजा ठेवला आणि कागद उचलला.

"वाचायची काय गरज न्हाई," काका म्हणाला. "घरचंच काम हाय. आन् वर बघा, साहेब उभे हायेत."

ओसरीवर पेशकार पान खात उभा होता आणि त्याची नजर चिंचेकडंच होती. दिनकररावांनी वर पाहिलं. आई सांगायची, मग त्यांनी आपल्या चटईकडं पाहिलं. घरी बायको, तीन मुली. शेत नाही, वतन नाही. ती चटईभर जागा हेच त्यांचं शेत. हळू आवाजात वाचलं असतं तरी चाललं असतं, असं पुढं एकदा मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "हळू वाचलं असतं तर तुझ्या काकानं तिला तिथून उठवून दुसऱ्यापुढं बसवलं असतं. चारचौघांनी ऐकलं, म्हणून त्याची पंचाईत झाली."

त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. "मी कडूबाई, माझ्या राजीखुशीनं लिहून देते, की माझ्या मयत नवऱ्याच्या चार एकर जमिनीवरचा माझा आणि माझ्या मुलीचा हक्क मी आजपासून सोडला. ही जमीन माझा दीर भुजंग याच्या नावावर करावी. माझी पुढं कसलीही तक्रार राहणार नाही."

आवारातली पन्नास माणसं चिंचेकडं वळली. आईला आधी वाटलं, की हा दुसऱ्याच कुठल्या कडूबाईचा कागद आहे. बिचारीची तिला कीवसुद्धा आली.

"आता तू सांग, बाई. काय लिवलंय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, काकाकडं पाहिलं आणि म्हणाली, "लिवलंय की, मी अन् माजी लेक रस्त्यावर आलो." तिनं अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली घातली. "म्या न्हाई लावत अंगठा."

काकानं आरडाओरडा केला, लोकांनी त्याला धरलं. पेशकार खाली उतरून आला. एका विधवेला दिवसाढवळ्या फसवलं जात होतं, याचं त्या भल्या माणसाला काही नव्हतं. त्याला मराठीचंच दुःख. त्यानं चपराश्याला खूण केली आणि दिनकररावांची पेटी, चटई फाटकाबाहेर जाऊन पडली. एक दौत फुटली.

दिनकरराव धुळीतली चटई झटकून रस्त्याच्या कडेला बसले. आई मला कडेवर घेऊन त्यांच्यामागं गेली. म्हणाली, "दादा, दुसरा कागद लिवा. ह्या टायमाला मी सांगते ते." त्यांनी लिहिलं, वाचलं. आईनं दोनदा म्हणून दाखवलं आणि अंगठा लावला.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढं पुकारा झाला. तहसीलदार औरंगाबादकडचे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "अर्जी पढ के सुनाई गई?" पेशकार आईकडं पाहून हळूच म्हणाला, "जी बोल." आई 'जी' म्हणाली नाही. तिनं मला खाली ठेवलं आणि अख्खा अर्ज मराठीत तोंडपाठ म्हटला. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली तिथं लाजली, पण तेही घेतलं. पेशकार उर्दूत सांगायला पुढं झाला, तर तहसीलदार म्हणाले, "रहने दो. मैं समझ रहा हूँ. बोलो, बाई." आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या अनोळखी साहेबाचेही आमच्यावर उपकार आहेत, ते मी विसरणार नाही.

जमीन आईच्या नावावर लागली. दिनकररावांची जागा मात्र गेली ती गेलीच. अकरा वर्षं ते फाटकाबाहेर, उन्हापावसात, गोणपाटाच्या आडोशाला बसून लिहीत राहिले. आई दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायची आणि मी त्यांना मामा म्हणायची. घरात नव्या ज्वारीची पहिली पायली निघाली की ती मामाच्या घरी जायची. त्यांना कधी हळहळताना मी पाहिलं नाही. उलट म्हणायचे, "बरं झालं, इथं ओरडायला मोकळीक हाय."

अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं. पेशकार रातोरात शुद्ध मराठी बोलायला लागला. अशी माणसं कुठल्याच राज्यात बुडत नाहीत. मराठीत अर्ज घ्यायला सुरुवात झाली. लोकांनी दिनकरमामांना फाटकाबाहेरून वाजतगाजत आत आणलं आणि चिंचेखाली जुन्या जागी बसवलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई तर हुंदके देऊन रडली.

त्यानंतर महिनाभरानं मी आईबरोबर कचेरीत गेले होते. मामांपुढं कापूस पिंजणारी एक म्हातारी मुसलमान पिंजारीण बसली होती. त्या दिवसांत निजामावरचा राग निघून तिच्या लोकांचे हाल चालले होते. बाजारात उर्दू बोलायलाही ती माणसं भ्यायची. ती परगावी लेकीकडं गेली असताना कुणीतरी तिच्या घराला आपलं कुलूप घातलं होतं. तिचा अर्ज मामांनी मराठीत लिहिला होता, कारण आता अर्ज मराठीत लागत. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उचलला आणि तिच्या उर्दूत वाचायला लागले.

एका वाक्यातच गलका झाला. "ओ दिनकरराव, आता आपलं राज्य हाय. ही भाषा बंद करा!" कुणी म्हणालं, "ह्याच्यासाठी आत आणलं व्हय तुमाला?" ओरडणाऱ्यांत मामांना खांद्यावर घेऊन नाचलेलेही होते. म्हातारीनं डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि हात जोडून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "जी मालक, ऱ्हाऊ द्या. समजलं मला." तिला काही समजलेलं नव्हतं. मामांनी माणसांकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. ते तिच्याकडं वाकून पुटपुटायला लागले.

आई माझा हात सोडून पुढं गेली आणि म्हातारीच्या शेजारी, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. माझ्या आईला उर्दूतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा. मला ऐकू येईना."