हनादी मिसची चूक

बैरूतमधल्या आमच्या तळघरात हनादी मिस बारा वर्षं बायकांना जमिनीपासून छतापर्यंतच्या उभ्या दांड्यावर चढून कसरती करायला शिकवते आहे. तोंडाने महाफटकळ. "पोट आत घे गं, बाजाराला निघालीस का?" असं ओरडेल, पण खाली दोन्ही हात पसरून उभी. क्लासच्या दिवशी अंगाला क्रीम लावायचं नाही, हा तिचा पहिला नियम. लावलं की पकड निसटते.

दांडा स्क्रूने आवळला की जागच्या जागी राहतो, सैल सोडला की गरगर फिरतो. उलटं लटकायला शिकवण्याआधी स्क्रू आवळायचं काम मिसचंच, दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही.

त्या मंगळवारी ती विसरली. बँकेत काम करणारी रुला पाय सोडून नुसत्या हातांवर उलटी झाली, दांडा फिरला, आणि मिसने झेप घ्यायच्या आत पोरगी खाली आदळली. खांद्याचं हाड मोडलं.

"क्रीम लावून आलीस ना?" मिस किंचाळली. घाबरून बोलून गेली, पण बोललेलं परत घेतलं नाही तिने. दांडा फिरताना मी बघितला होता. मी तिच्या हाताखाली शिकवत होते, नोकरीपायी तोंड शिवून बसले. सांगतानाही लाज वाटते.

आठ महिन्यांनी रुला परत आली. सगळ्यांसमोर पाय पुढे करून म्हणाली, "बघा मिस, तेव्हापासून क्रीमचं बोटसुद्धा लावलं नाही. परत शिकवाल ना?" पोटऱ्यांची कातडी फुटून लाल झाली होती.

मिस तिच्या पायांशी खाली बसली. "क्रीम नव्हतंच गं पोरी. स्क्रू आवळायला मी विसरले आणि खापर तुझ्या माथी फोडलं."

रुलाने पिशवीतून मामूलचा, म्हणजे खजूर भरलेल्या गोड बिस्किटांचा डबा काढला.

"हे आईने केलेत, तुमच्यासाठी. रात्री मी झोपले की ती माझ्या टाचांना मलम चोळायची. त्यानेच मी पडले, असं धरून बसलीये. आठ महिने रडतेय. मिसची माझ्या वतीने माफी माग म्हणाली."

मिसने डब्याला हात लावला नाही. अनवाणीच जिन्याकडे निघाली.

"चल, तुझ्या आईकडे ने मला."

"थांबा," मी म्हणाले. "मलाही यायचंय. मी बघितलं होतं."