पाचवी ट्यूबही लाल

स्टँडमध्ये पाच टेस्ट ट्यूबा होत्या. चार लाल व्हायला हव्या होत्या, पाचवी नाही. पाचही लाल झाल्या. पहिल्या चारांवर मी इतका खूश होतो की पाचवीकडे लक्षच गेलं नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. बेळगावच्या एका कॉलेजात मी बायोकेमिस्ट्रीचा नवा लेक्चरर. प्रोबेशन संपत आलेलं. आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, धारवाडकडचे, मोजकं बोलणारे. एक डेमॉन्स्ट्रेशन नीट करून दाखवा, मग कन्फर्मेशनच्या कागदावर सही करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. विषय मीच निवडला, आणि हौसेनं अवघड निवडला.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडांची माळ. पण ही ॲसिडं आपणहून एकमेकांना चिकटत नाहीत. निपाणी स्टँडबाहेरचे वडापवाले, म्हणजे माणसं भरून जीप सोडणारे, डोळ्यांसमोर आणा. चिकोडीवाला चिकोडीचंच पाशिंजर धरतो, झोपलं असेल तर हलवून जागं करतो आणि आपल्याच जीपमध्ये नेऊन बसवतो. पेशीतली एन्झाइमं हेच करतात. प्रत्येक एन्झाइम आपलं ठरलेलं ॲसिड धरतं, एटीपी या पेशीतल्या इंधनाची ताकद देऊन त्याला जागं करतं आणि टी-आरएनए नावाच्या गाडीत बसवतं. या जागं करण्याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. जागं झालेलं ॲसिड एका रसायनानं पकडायचं, वर लोखंडाचा क्षार घालायचा, की लाल रंग येतो. पाचव्या ट्यूबेत सगळं असतं, फक्त अमिनो ॲसिड नसतं. तिला ब्लँक म्हणतात. पाशिंजरच नाही, तर जागं कुणाला करणार?

एन्झाइम काढायचं बकऱ्याच्या कलेजीतून. डेमॉन्स्ट्रेशन सोमवारी, आणि सोमवारी आमच्या कंग्राळीत मटणाचं दुकान बंद. म्हणून रविवारीच पाव किलो आणून डब्यात बर्फावर ठेवली. मी थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे राहायचो. सकाळी डबा उचलून कॉलेज गाठलं. कलेजी जरा पिवळसर दिसली. मी बायोकेमिस्ट. पित्त असणार, असं निदान करून मी ती मिक्सरला लावली.

एचओडी आले. चार ट्यूबांवरून नजर फिरवली आणि पाचवी उचलली.

"ह्यात अमिनो ॲसिड घातलंय?"

"नाही सर. ब्लँक आहे."

"मग लाल कसं?"

मी बेळगावच्या पाण्यात लोह जास्त असतं वगैरे काहीतरी पुटपुटलो. ते ऐकत नव्हते. उरलेल्या अर्काचा बीकर त्यांनी नाकाशी नेला.

"हळद आहे री ह्यात." मग पुन्हा एकदा वास घेतला. "आलं-लसूण पण लावलंय काय?"

"नाही सर," मी म्हणालो. खात्री नव्हती.

त्यांनी सहीसाठी आणलेला कागद फाइलमध्ये परत ठेवला. उद्या दहाला पुन्हा करा, नाहीतर प्रोबेशन आणखी एक वर्ष, एवढं सांगून गेले.

घरी येऊन आक्काला विचारलं. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"बर्फ इरघळून सगळं पाण्यात पवत हुतं रं. नासलं असतं न्हवं? धुतलं, मीठ-हळद चोळून ठेवलं. आलं-लसूण बी लावणार हुते, पर तू म्हणालतास साहेबास्नी द्यायचं हाय. म्हटलं, त्यास्नी तिखट सोसंल का न्हाय."

हळदीला लोखंडाचा क्षार लागला की तांबूस रंग येतोच. मी सकाळभर एचओडींना हळद दाखवत होतो. एन्झाइम बहुधा रविवारीच मिठात गेलं होतं.

मंगळवारी दुकान उघडण्याआधी मी फळीपुढे उभा होतो. कलेजी बर्फाच्या थर्मासात घातली आणि थेट कॉलेज. या वेळी चार ट्यूबांत रंग आला, पण इतका फिका की मागे पांढरा कागद धरावा लागला. पाचवी नुसत्या लोखंडाच्या क्षारासारखी पिवळट राहिली, तशीच राहायला हवी होती.

एचओडींनी बराच वेळ फक्त पाचवीच बघितली. मग पेन काढून सही केली.

"रंग मात्र कालचाच चांगला होता," जाता जाता म्हणाले.

त्यानंतर नोकरीभर मी कुठल्याही प्रयोगात आधी ब्लँक बघत आलो. आणि कलेजी कधी घरावरून नेली नाही.