मले नाही आठवत

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आज मी अकोल्याच्या एका दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. नव्या मुली माझ्या हाताखाली शिकतात. लग्नाआधी अमरावतीला होते. तिथं शोभा होती — वलगावची, घरी भाजीचा मळा. आम्ही एकाच वॉर्डात. तिची पोर तेव्हा तान्ही. पोर आजारी पडली की शोभाचे पेशंट मी बघायचे, मला ताप आला की माझे ती. एकीनं ‘झालं’ म्हटलं की दुसरी पुन्हा तपासायला जात नसे. एवढा भरवसा.

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून एका आजोबांची चादर बदलली. नुकतंच ऑपरेशन झालेलं, गुंगीत होते. शोभानं पलंगाचा कठडा वर केला, खिट्टी लावली आणि पलीकडच्या पेशंटकडे गेली. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग आजोबांचे ओठ ओले करायला मी कठडा खाली घेतला. तेवढ्यात फोन वाजला. माझं लग्न ठरत होतं — त्याचाच फोन. मी व्हरांड्यात गेले. कठडा तसाच. परत धावले ती धप्प आवाज ऐकून.

आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा ओरडत होता, सून रडत होती. मेट्रननं आम्हा दोघींना समोर उभं केलं.

“मॅडम, कठडा मी लावला व्हता,” शोभा म्हणाली. आणि माझ्याकडं पाहिलं — संशय नव्हता हो त्या नजरेत. “तू व्हती ना वो तिथं? सांग ना.”

इथं मी अडखळते. आजही.

“मले नाही आठवत,” मी म्हणाले.

भीती वाटली होती? हो. पण शोभाला वाटत नव्हती का? ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मंग माह्याच हातून राह्यला असन.”

तिला काढून टाकलं. आजोबा पुन्हा आधाराशिवाय कधी चालले नाहीत, असं नंतर कानावर आलं. शोभानं दुसरीकडं नोकरी शोधलीच नाही. “भेव वाटते वो,” म्हणायची, “पुन्हा कोनाच्या जिवाशी चूक झाली तं?” हे ती मला सांगायची. मलाच! आणि मी तिची समजूत काढायचे.

यंदा वलगावला तिच्या घरी गेले होते. तीच पोर आता बारावी झाली. तिला नर्स व्हायचंय, शोभा नाही म्हणते. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. “मावशी, तुमी तरी सांगा ना आईले.”

“मावशीले काय सांगतं?” शोभा म्हणाली. “तिच्यासमोरच झालं सारं. आपल्या हाताले नाही जमत ते काम. इचार मावशीले.”

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — त्या दोघींनाही.

मी म्हणाले, “आईचं ऐक, बाई.”