आडवी डहाळी

अन्वरचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे अकरा वाजले असतील, पण नोएडातल्या आमच्या बाल्कनीतून समोरची इमारत अजून धुरकट हवेतच होती. अन्वर एरवी "ताई, काय चाललंय?" असं लांबण लावतो. त्या दिवशी तो नुसता श्वास घेत राहिला आणि मला कळलं. "मेश्राम साहेब गेले," तो म्हणाला. मी म्हणाले, "अच्छा." तीस वर्षं दिल्लीत काढली की जिभेला असल्या सवयी लागतात, माणूस गेल्याचं सांगितलं तरी अच्छा निघतं. फोन ठेवून मी उरलेली जुडी निवडून संपवली. काड्या चाळणीत ठेवल्या आणि पानं कचऱ्यात टाकली, हे दुपारी लक्षात आलं.

सुधाकर मेश्राम गोंदियाकडचे. आम्ही एकाच मंत्रालयात, एकाच मजल्यावर वीस-बावीस वर्षं होतो. दिल्लीत आलेल्या मराठी माणसांना गणपती आणि हळदीकुंकू सोडून एकत्र येता येत नाही, यावर आमचं दोघांचं एकमत होतं, आणि त्यातूनच आमचा चालणाऱ्यांचा गट निघाला. दर रविवारी उजाडता उजाडता कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथीगृहासमोर जमायचं, दोन-तीन गाड्यांत कोंबून बसायचं, मानेसरच्या कारखान्यांच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांत शिरायचं आणि दुपारी जेवायला घरी. रेल्वेतला अन्वर शेख, सोलापूरचा, गाड्यांचं बघायचा. फजित्या तर विचारू नका. एकदा माकडांनी बाराच्या बारा जणांची थालीपिठं पळवली. एकदा आम्ही वाट चुकून कुणाच्या तरी फार्महाउसवरच्या लग्नात शिरलो, आणि मुलीकडच्यांनी आम्हाला मुलाकडचे समजून हार घातले. मेश्राम साहेब हार घालून शांतपणे जिलबी खात होते.

त्या लग्नाला कारण एक डहाळी होती. आमच्यात रिवाज असा, की पुढे चालणाऱ्याने फाटा आला की चुकीच्या वाटेवर एक ताजी डहाळी मोडून आडवी टाकायची. मागच्यांनी तिकडे जायचं नाही. हा रिवाज मेश्राम साहेबांच्या गावचा. त्यांची आई मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जायची; पुढे गेलेल्या बायकांना ज्या वाटेवर वाघाची चाहूल लागे, तिथे त्या डहाळी टाकून ठेवत. त्या रविवारी पुढे मी होते, आणि मी शहाणीने "इकडून या" अशा अर्थाने ती बरोबर वाटेवरच टाकली. मागचे सगळे दुसऱ्या वाटेला लागले, आणि त्यांना शोधत मीही. नंतर साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आडवी डहाळी म्हणजे ती वाट मेली. का टाकली, कोणी टाकली, विचारायचं नाही. बिल्कुल नाही. आमच्या गावात ज्यांनी विचारलं, ते परत आले नाहीत." सगळे हसले. मला मात्र उन्हातसुद्धा अंगावर काटा आल्याचं आठवतं.

साहेब स्वतः नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालत. कोणी मागे राहू नये म्हणून, असं आम्ही समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात मेट्रोच्या जिन्यावर ते माझ्या पुढे होते. मधेच थांबले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मी जवळ गेले, तर त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती. त्यांनी वर पाहिलं, मी पाहिलं... मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं, की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, वर्ष झालं कळून, आणि डॉक्टरांनी थंडीत, धुरकट हवेत चालायचं नाही म्हणून बजावलं आहे. "मॅडम, घरी माहीत नाही. गटातही नको. नाहीतर सगळे मिळून मला खुर्चीत बसवतील आणि संत्री सोलून देतील." मी शब्द दिला. वचन पाळण्याची मला फार हौस आहे, त्याबद्दल माहेरी कौतुकही व्हायचं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बघणंच टाळू लागले, हे खरं. चालताना मागून खोकला आला की मी पुढच्याशी मोठ्याने बोलू लागे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हवा इतकी वाईट होती, की डोळे चुरचुरत होते आणि तोंडात शेतात जाळलेल्या काडाची चव होती. निम्मे लोक आलेच नाहीत. मेश्राम साहेब आले, आणि गाडीतून उतरताच म्हणाले, "आज मी पुढे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अन्वर म्हणाला, "क्या बात है, साहेब!" ते काठी टेकत निघाले आणि वीस पावलांवर दिसेनासे झाले. थोडा वेळ काठीचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला.

तासाभराने फाटा आला. डावी वाट जुन्या दगडखाणीतल्या हिरव्या पाण्याकडे जाते, उजवी गावात उतरते. डाव्या वाटेवर कीकरची, म्हणजे बाभळीची, डहाळी आडवी होती, मोडलेल्या टोकाला अजून ओल होती. सगळे उजवीकडे वळले. मी सगळ्यांत मागे होते. डहाळीच्या पलीकडे धुळीत काठीची भोकं दिसत होती, एकापुढे एक, आत जाणारी. परत येणारी दिसत नव्हती. मी ती पाहिली. कितीही फिरवून लिहिलं तरी हे वाक्य मला चुकवता येणार नाही, मी ती पाहिली. मनाशी म्हणाले, थोडं आत जाऊन आले असतील, परतताना काठी टेकली नसेल. खरं म्हणजे मला भीती वाटली, की आत गेले तर जे लपवायचा शब्द दिलाय तेच बघावं लागेल. पुढून अन्वरने हाक मारली, "ताई, चला ना, चाय मिळेल खाली." मी गेले.

खाली चहाच्या टपरीवर साहेब नव्हते. फोन लागत नव्हता. पहिला चहा झाला, दुसरा झाला, आणि मी एकदम उठले. मी चढणीला लागले तेव्हा कोणी मला काही विचारलं नाही. अन्वर नुसता मागे धावत आला. फाट्यापासून जेमतेम दोनशे पावलांवर, वळणाआड, ते एका दगडाला टेकून बसले होते. मास्क हातात, ओठ जांभळे, तोंड उघडं. गावातल्या लोकांनी खाटेवर घालून त्यांना गाडीपर्यंत आणलं.

हॉस्पिटलात ते पाच आठवडे होते. एका दुपारी त्यांच्या पत्नी लतावहिनी डबा धुवायला गेल्या होत्या, तेव्हा साहेबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. एकेक शब्द तोडून म्हणाले, "डहाळी मीच टाकली. दहा मिनिटं बसून तुम्हाला गाठणार होतो. तमाशा नको होता." मी त्यांची चादर सारखी केली. "तुम्ही नियम पाळलात. शाब्बास." डोळे मिस्कील होते. मग बराच वेळ यंत्राचा आवाज येत राहिला... "पण मॅडम, आवाज येत होते तुमचे. वळताना. तेव्हा वाटलं, कोणीतरी मोडावा नियम."

साहेब गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी बुद्धमूर्तीपुढे मी मेणबत्ती लावली, आणि वहिनींनी माझा हात धरला. त्यांना मी सगळं सांगितलं. जिना, नाडी, भोकं, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगायला हवं होतंत," आणि माझा हात सोडून इतर बायकांकडे गेल्या. त्यांचं बरोबर आहे. माफी मी मागितलीही नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, पाचच जण. पुढे अन्वर होता आणि शेवटी मी. आता शेवटी मीच असते. पहिल्या फाट्यावर त्याने डहाळी टाकलेली होती. बाकीचे वळून गेले. मी ती उचलली, मेलेल्या वाटेने वळणापर्यंत जाऊन पाहिलं, मग परत येऊन होती तशी ठेवली. दुसऱ्या फाट्यावरही तेच केलं. तिसऱ्या फाट्यावर अन्वर माझ्यासाठी थांबला होता. मी आतून परत येईपर्यंत तो डहाळीपाशीच उभा राहिला. नंतर हलकेच विचारलं, "कोणी आहे का, ताई?"

"नाही," मी म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.